तिघींचे छायाचित्र आणि एकटीची कथा

दिवाळीत आमच्या वळ गावी एक बैठक ठरलेली असते. भाऊबीजेची जेवणे आटोपली, की कोणाच्या तरी ओटीवर सतरंजी पडते, फराळाचे ताट मध्ये येते आणि आमच्या मॅट्रिकच्या वर्गातली, आता ठाण्या-पुण्याला पांगलेली मंडळी एकत्र बसतात. एके काळी त्या ओटीवरून भाताची कापलेली शेते दिसत. आता गोदामांची पत्र्याची छपरे दिसतात. पाहणारे डोळे तेच आहेत, एवढेच. थोडा वेळ शाळेच्या आठवणी निघतात आणि मग बोलणे हटकून कॉलेजाकडे वळते. भिवंडीच्या, कल्याणच्या, ठाण्याच्या कॉलेजात या मंडळींबरोबर जी मुले-मुली होती, ती आज कोठे आहेत, याची उजळणी सुरू होते.

मी मॅट्रिक झाले आणि तेथेच थांबले. त्यामुळे कॉलेजातले सोबती हा माझा अनुभव नव्हे. पण त्यांच्या बातम्या ऐकण्याचा अनुभव माझ्याइतका क्वचितच कोणाला असेल. ज्याचे त्या बातम्यांत काहीच गुंतलेले नाही, त्याचे कान फार स्वच्छ असतात. गेली वीस-पंचवीस वर्षे ऐकून मला एक गोष्ट ध्यानात आली आहे. या सगळ्या बातम्या तीनच क्रियापदांवर चालतात. "तो पुण्याला असतो." "ती प्राध्यापिका झाली." "तो गेला, तुला कळले नाही?" असतो, झाला आणि गेला. माणसाची वीस वर्षे एका क्रियापदात बसवायची आणि चकलीचा तुकडा मोडायचा! जो काही 'झाला' नाही, त्याची बातमीच निघत नाही.

मराठी साहित्याने तरी याहून वेगळे काय केले आहे, असा प्रश्न मला या बैठकीतून उठताना नेहमी पडतो. कॉलेज हा आमच्या लेखकांचा लाडका विषय. ना. सी. फडक्यांनी कॉलेजातल्या तरुण-तरुणींना मराठी कादंबरीत मानाने आणून बसविले. 'कोसला'च्या पांडुरंग सांगवीकराने 1963 साली त्या जगाचा सारा मुलामा खरवडून काढला. सुहास शिरवळकरांच्या 'दुनियादारी'वर पिढ्याच्या पिढ्या लुब्ध झाल्या. पु. ल. देशपांड्यांचा 'नंदा प्रधान' वाचून कॉलेजातला एखादा देखणा सोबती आठवला नाही, असा वाचक विरळा. पण यांतली बरीचशी पुस्तके कॉलेजाच्या फाटकाशी येऊन थांबतात, किंवा फाटकाबाहेर चार पावले टाकून परततात. पदवी मिळाल्यावर तीस-चाळीस वर्षांनी त्या वर्गाचे काय झाले, सगळ्या वर्गाचे, हे विचारण्याची आमच्या साहित्याला फारशी सवय नाही. आम्हांला नायक हवा असतो. वर्ग नको असतो.

हे मला सर्वांत जास्त जाणवले, ते डॉ. आनंदीबाई जोशी यांच्यावरची पुस्तके एकामागून एक वाचताना. आनंदीबाई आम्हांला परक्या नाहीत. त्यांचे माहेर कल्याणचे. म्हणजे आमच्या बाजूने कोनवरून दुर्गाडीकडे खाडी ओलांडली, की त्यांचे गाव. आमच्याकडच्या शाळांतून त्यांची जयंती होते, मुली नऊवारी नेसून 'आनंदी' होतात, आणि गोष्ट दर वर्षी एकाच ठिकाणी संपते: 26 फेब्रुवारी 1887, पुणे. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. पडदा पडतो, पालक डोळे पुसतात. मीही पुसले आहेत.

परंतु आनंदीबाईंचे एक छायाचित्र आहे. वाचकांपैकी पुष्कळांनी ते पाहिलेही असेल. 10 ऑक्टोबर 1885 रोजी फिलाडेल्फिया येथे ते घेतले गेले. पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात त्या दिवशी डीनबाईंकडे स्वागतसमारंभ होता. चित्रात तिघीजणी आहेत. एका बाजूला लुगड्यातल्या आनंदीबाई. मध्ये किमोनो घातलेली, जपानची केई ओकामी. दुसऱ्या बाजूला आपल्या देशाचा भरजरी पोशाख केलेली, दमास्कसची साबात इस्लामबूली. तिघी तीन देशांच्या, तीन धर्मांच्या, आणि तिघी डॉक्टर व्हायला निघालेल्या. मी ते चित्र कापून आमच्या बालवर्गाच्या भिंतीवर चिकटविले आहे. एकदा एका मुलीने बोट ठेवून विचारले, "बाई, या आनंदीबाई. मग या दोघी कोण?"

हा प्रश्न आमच्या चरित्रकारांना आणि कादंबरीकारांना पडायला हवा होता, असे मला वाटते. पाच वर्षांच्या मुलीला तो पडला.

प्रथम एक खुलासा करायला हवा. या तिघी काटेकोरपणे एका वर्गातल्या नव्हत्या. आनंदीबाईंना पदवी मिळाली 11 मार्च 1886 रोजी, ओकामीला 1889 साली, इस्लामबूलीला 1890 साली. त्या कॉलेजसोबतिणी होत्या; एकाच इमारतीत, एकाच डीनबाईंच्या, रेचेल बॉडली यांच्या छत्राखाली शिकत होत्या. तिघींत पदवीला सर्वांत आधी पोहोचल्या त्या आनंदीबाई.

आता त्यांच्या बातम्या ऐका. भाऊबीजेच्या ओटीवर सांगतात तशाच, फक्त एका क्रियापदात न उरकता.

आनंदीबाईंच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई मुद्दाम फिलाडेल्फियाला आल्या होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जागा आनंदीबाईंना देऊ करण्यात आली होती आणि त्यांनी ती स्वीकारली होती. 1886 च्या अखेरीस त्या स्वदेशी आल्या, त्या क्षयाने खंगून. कोल्हापूरची खुर्ची रिकामीच राहिली. त्यांची रक्षा, ज्यांनी त्यांना अमेरिकेत लेकीसारखे घरात ठेवून घेतले, त्या थिओडिशिया कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी येथे कार्पेंटरांच्या कौटुंबिक दफनभूमीत तिला जागा मिळाली. डीन बॉडलीबाईंनी त्याच वर्षी रमाबाईंच्या 'द हाय कास्ट हिंदू वूमन' या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली, तीत आपल्या या विद्यार्थिनीविषयी लिहिले, आणि पुढच्याच वर्षी, 1888 साली, त्या स्वतःही वारल्या.

केई ओकामी पदवी घेऊन जपानला परतली. पाश्चात्त्य देशातल्या कॉलेजातून पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळविणारी ती पहिली जपानी स्त्री. टोकियोच्या जिकेई रुग्णालयात तिला काम मिळाले. सम्राटाच्या भेटीच्या प्रसंगी ती स्त्री म्हणून डावलली गेली आणि तिने राजीनामा दिला. हे साल होते 1892. मग तिने घरीच दवाखाना काढला. पुढे क्षयी स्त्रियांसाठी एक लहानसे रुग्णालय चालविले. क्षयी स्त्रियांसाठी! आनंदीबाई ज्या रोगाने गेल्या, तोच रोग. ओकामीच्या मनात आपली हिंदी सोबतीण होती की नव्हती, हे मी सांगू धजत नाही. पण वाचताना माझ्या मनात ती आली. रुग्ण पुरेसे येईनात म्हणून ते रुग्णालय काही वर्षांनी बंद पडले. ओकामीने मुलींच्या शाळेत काम केले. 1941 साली, वयाच्या ऐंशीनंतर ती वारली.

साबात इस्लामबूलीविषयी नोंदी थोड्या आहेत. ती दमास्कसला परतली, पुढे कैरोला गेली आणि तीही 1941 सालीच वारली, असे सांगतात. तिच्या कॉलेजाशी तिचा संबंध तुटला होता. म्हणजे आमच्या ओटीवरच्या भाषेत, "तिचे पुढे काय झाले कोण जाणे!" या वर्गात ती बसते.

हा हिशेब मांडल्यावर मी थोडा वेळ स्वस्थ बसले होते. 1941! आनंदीबाई जगत्या तर त्या वर्षी शहात्तर वर्षांच्या असत्या. केस पिकलेल्या, चष्मा लावणाऱ्या, कोल्हापूरच्या दोन पिढ्यांची बाळंतपणे केलेल्या डॉक्टरीणबाई. ही म्हातारी आमच्या कल्पनेला कधीच दिसली नाही. ती मला दिसली, ती तिच्या दोन सोबतिणींमुळे. सोबत्यांच्या बातम्यांचा खरा उपयोग हाच, असे मला वाटते. जो अर्ध्यावर राहिला, त्याच्या न जगलेल्या वर्षांचे माप इतरांच्या जगलेल्या वर्षांवरून कळते.

आता आनंदीबाईंवरच्या पुस्तकांकडे वळू. पहिले चरित्र अमेरिकेतच निघाले. कॅरोलिन हीली डॉल या बाईंचे, 1888 साली. त्यानंतर लौकरच मराठीत काशीबाई कानिटकरांनी चरित्र लिहिले. काशीबाईंचा मोठेपणा माझ्यासारखीला विशेष जाणवतो, कारण त्या स्वतः शाळेत गेलेल्या नव्हत्या. लग्नानंतर घरी शिकल्या. जिला कॉलेज दिसले नाही, तिने कॉलेजात गेलेलीचे चरित्र लिहावे, यात एक निराळीच ओढ आहे. पत्रांच्या आधाराने त्यांनी आनंदीबाईंना बोलते केले. पण काशीबाई लिहीत होत्या तेव्हा चिता अजून निवली नव्हती. ओकामी आणि इस्लामबूली यांचे पुढे काय होणार, हे त्यांना कळण्यासारखेच नव्हते. ज्या पुस्तकाच्या वेळी बातमी जन्मालाच आली नव्हती, त्याला दोष देता येत नाही.

श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी 1968 साली आली. तिने आनंदीबाईंना घराघरांत नेले. पुढे तिचे नाटक झाले, आणि 2019 साली त्याच नावाचा चित्रपटही निघाला. ही कादंबरी मी चारदा वाचली आहे आणि चारही वेळा शेवटाकडे माझा स्वर कापला आहे. मग ते मोठ्याने वाचन असो की मनातल्या मनात. गोपाळरावांसारखा विक्षिप्त, हट्टी, उदार आणि क्रूर माणूस उभा करणे सोपे नाही. त्याच्या छळानेच ती शिकली आणि त्याच्या छळानेच खचली, ही गाठ जोश्यांनी फार समर्थपणे बांधली आहे. पण पुस्तक मिटल्यावर मनात उरतात ती दोनच माणसे. कादंबरीचे नावच पाहा: तिचे नाव आणि लगेच त्याचे. समुद्र ओलांडून ती एकटी गेली, तीन वर्षे परक्या मुलीबाळींत राहिली, शवविच्छेदन शिकली. तरी आमच्या दृष्टीने ती सबंध वेळ एकाच माणसाशी बोलत होती.

यावर कोणी म्हणेल, कादंबरीकाराला आपला विषय निवडण्याचा अधिकार आहे. अर्थात आहे. मीही दोन-चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत; एकाच घराच्या चार भिंतींत गोष्ट ठेवण्यासाठी किती दारे लावून घ्यावी लागतात, हे मला ठाऊक आहे. जोश्यांनी दांपत्याची कादंबरी लिहिली आणि उत्तम लिहिली. माझी तक्रार त्यांच्याविषयी नाही. तक्रार आहे ती आपल्या सर्वांविषयी. ती कादंबरी म्हणजेच आनंदीबाई, असे आपण धरून चाललो. अंजली कीर्तने यांनी अमेरिकेपर्यंत माग काढून 1997 साली 'डॉ. आनंदीबाई जोशी: काळ आणि कर्तृत्व' हे पुस्तक दिले. त्यात दांपत्याच्या चौकटीबाहेरच्या आनंदीबाई भेटतात. एक विद्यार्थिनी भेटते. पण शाळेच्या रंगमंचावर आजही येतात त्या कादंबरीतल्या. संशोधन कपाटात राहते आणि अश्रू मात्र हातोहात पसरतात.

यात नुकसान कोणते? मला दोन दिसतात.

पहिले असे, की एकटीची कथा सांगितली म्हणजे ती चमत्काराची होते. अशी मुलगी हजार वर्षांत एक, असे आपण म्हणतो आणि आपल्या मुलींना मोकळे करतो. कारण चमत्कार कोणी दर वर्षी मागत नाही. पण ते कॉलेज 1850 साली स्थापन झाले होते. आनंदीबाई तेथे पोहोचण्यापूर्वी तीस वर्षे तेथून स्त्रिया डॉक्टर होऊन बाहेर पडत होत्या. ओकामीच्याच 1889 च्या तुकडीत सुसान ला फ्लेश ही ओमाहा जमातीची मुलगी होती. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांतली ती पहिली डॉक्टर स्त्री. आपल्या लोकांसाठी तिने 1913 साली नेब्रास्कात रुग्णालय उभारले आणि 1915 साली ती गेली. आणि त्याच कॉलेजातून 1892 साली आणखी एक मराठी स्त्री डॉक्टर झाली, गुरुबाई करमरकर. त्या मुंबईस परतल्या आणि अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी वर्षानुवर्षे रोगी तपासले. आनंदीबाईंनंतर सहाच वर्षांनी, त्याच दाराने, आपल्याच भाषेची दुसरी मुलगी बाहेर आली! किती घरांत हे नाव ठाऊक आहे?

दुसरे नुकसान याहून खोल आहे. गुरुबाईंचे नाव का ठाऊक नाही? त्या जगल्या, म्हणून! आनंदीबाईंहून काही महिन्यांनीच मोठ्या असलेल्या डॉ. रखमाबाई 1955 पर्यंत जगल्या. सुरतेत आणि राजकोटात त्यांनी आयुष्यभर वैद्यकी केली. आपल्या आठवणीत मात्र त्या राहिल्या त्या तरुणपणच्या खटल्यापुरत्या. कोवळ्या वयात गेलेल्या मुलीला कसे पुजावे, हे आपल्या साहित्याला चांगले जमते. साठ वर्षांच्या, कामाने दमलेल्या, कधी यश तर कधी अपयश घेतलेल्या डॉक्टरीणबाईचे काय करावे, हे त्याला सुचत नाही. ओकामीचे रुग्णालय बंद पडले. मराठी कादंबरीत हे प्रकरण कोणी लिहिले असते का? मला शंका आहे. आपल्याला मृत्यू चालतो. दवाखान्याला कुलूप लागलेले चालत नाही. आणि मुलींना आपण नकळत शिकवतो, की शिकलेल्या बाईचे सर्वांत मोठे काम म्हणजे वेळेवर मरणे. हे कठोर वाटेल, पण दर वर्षी स्नेहसंमेलनात मी ते डोळ्यांनी पाहते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. आनंदीबाईंची कथा पुन्हा कोणी लिहील, तेव्हा त्याने ती फेब्रुवारी 1887 मध्ये संपवू नये. तिला तिचा वर्ग परत द्यावा. शेवटचे प्रकरण 1941 चे असू द्यावे. टोकियोतली एक म्हातारी, कैरोतली एक म्हातारी, आणि मध्ये एक रिकामी जागा. गोपाळरावांशेजारी आनंदीबाई आपण पुष्कळ पाहिल्या. आता केई आणि साबात यांच्याशेजारी पाहू.

हे सारे मी गेल्या दिवाळीच्या सुमारास लिहायला घेतले, आणि लिहिता लिहिता माझीच चूक माझ्या ध्यानात आली. आमच्या मॅट्रिकच्या वर्गात एक मुलगी होती. गणितात ती पहिली. माझ्यासारख्यांच्या वह्या ती तपासून देई. निकालानंतर महिन्याभरात तिचे लग्न झाले. ती कॉलेजात गेली नाही आणि काही 'झाली'ही नाही. पंचवीस वर्षांच्या बैठकांत तिचे नाव एकदाही निघाले नव्हते. ते मीही काढले नव्हते, आणि मी स्वतःला कान स्वच्छ असलेली समजत होते!

भाऊबीजेला मी ओटीवर विचारले, "ती कुठे असते गं?" सगळे एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी आत पाट उचलीत असलेली एका मित्राची भावजय दारात येऊन म्हणाली, "अहो बाई, ती तर पूर्ण्याला असते, आपल्या शेजारच्याच गावात. गोदामात मालाच्या नोंदी ठेवते. एक खोका इकडचा तिकडे होत नाही तिच्या हिशेबात." आणि थोडे थांबून म्हणाली, "मागे भेटली होती तेव्हा तुमचं विचारत होती. म्हणाली, ती अजून लिहिते का?"

मी तिला अजून भेटले नाही. या अंकाची प्रत मिळाली, की ती घेऊन पूर्ण्याला जाणार आहे. हिशेबात कोठे चूक राहिली असली, तर ती दाखवील.